हनुवटी थोडी खाली

न्हाव्याच्या हातात उघडा वस्तरा असतो, तरी माणूस त्याच्या खुर्चीत डोळे मिटून घोरतो. माझ्या हातात नुसता कॅमेरा. त्याने आजवर कुणाला साधं खरचटलेलंही नाही. पण तोच माणूस माझ्या स्टुलावर बसला की असा काही ताठतो, की बरोबर आलेल्या मेव्हण्यालाही त्याची ओळख पटायला वेळ लागावा. आत्ता बाहेरच्या बाकड्यावर टाळ्या देऊन हसत होता. पडद्याआड येईपर्यंत त्याला काय होतं कोण जाणे. श्वास आत, पोट आत, ओठ आत. डोळे तेवढे बाहेर.

"श्वास सोडा," मी म्हणतो.

"कवा?" तो विचारतो.

१८३९ साली पॅरिसमध्ये दागेरचा शोध जाहीर झाला, तेव्हा एक फोटो निघायला इतका वेळ लागे की पुढे पोर्ट्रेट काढणाऱ्यांनी माणसाच्या मानेमागे लोखंडी आकडा लावायला सुरुवात केली. मान हलली की फोटो गेला. तो आकडा जाऊन जमाना लोटला, आता सेकंदाच्या शंभराव्या भागात काम होतं. पण आकडा गेल्याचं अजून कराड तालुक्यात कळलेलं दिसत नाही.

आमचा स्टुडिओ कराडला, एसटी स्टँडापासून चालत जाण्याच्या अंतरावर. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी काढला. मी चालवतो. 'येथे सर्व प्रकारचे फोटो काढून मिळतील' असं बोर्डावर आहे. सर्व प्रकारचे म्हणजे कुठले, ते बोर्ड रंगवणाऱ्यालाच ठाऊक; माझ्या अनुभवात फोटोचे प्रकार दोनच. गिऱ्हाइकाने नेलेले आणि माझ्या ड्रॉवरमध्ये पडून राहिलेले.

मध्यंतरी पुण्याला पोर्ट्रेट फोटोग्राफीच्या एका कार्यशाळेला गेलो होतो. शिकवणारा पोरगा हुशार होता. म्हणाला, समोरच्याचा विश्वास मिळवल्याशिवाय कॅमेरा उचलूच नका. आधी एकदा भेटा, कॉफी प्या, फोटो कशासाठी हवाय ते विचारा, आवडीनिवडी समजून घ्या, कपडे काय घालणार ते ठरवा. सगळं पटलं. वहीत उतरवूनही घेतलं. अडचण एवढीच, की माझं गिऱ्हाईक पाटणच्या एसटीतून उतरतं, परतीच्या गाडीची वेळ कंट्रोलरला विचारून मगच स्टँडाबाहेर पडतं आणि दुकानाची पायरी चढता चढता म्हणतं, "लगीच मिळंल का? कितीला आठ?" आवडीनिवडी तिथेच संपतात. कपडे काय घालणार हा प्रश्न मात्र उरतो, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे हँगरला टांगलेलं आहे.

तो काळा कोट. एकच आहे. पैलवानाला पुढून जेमतेम झाकतो आणि कॉलेजच्या पोराला दोन वेढे बसतो. टाय गाठ मारलेला, मागे इलॅस्टिक. शेजारी आरसा, पावडरचा डबा आणि सुतळीने खिळ्याला बांधलेला कंगवा. धंदा विश्वासाचा आणि कंगवा बांधलेला, असं एका मास्तरांनी मला हसत सुनावलं होतं. उत्तर सोपं आहे: आधीचे सगळे गेले. सुतळी आखूड आहे, त्यामुळे उंच माणसाला भांग पाडायला कमरेत वाकावं लागतं आणि स्टुलाकडे येईतो तो थोडा नरमलेला असतो.

कोट ढगळ झाला की मी मागे जाऊन कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी तो आवळतो. आमच्या भागातल्या कित्येक बायोडाटांवरचे नवरदेव पाठीत चिमटे घेऊन हसताहेत. पण हे चिमटे लावण्याचं काम मी मदतनिसाला कधीच करू देत नाही, कारण खरं पोर्ट्रेट तिथे सुरू होतं. माणूस आरशाकडे तोंड करून, पाठ माझ्याकडे देऊन उभा असतो. मी दिसत नाही, कॅमेरा दिसत नाही. पहिला चिमटा लागतो तेव्हा तो गप्प असतो. दुसऱ्या चिमट्याला म्हणतो, "जरा बरा काढा." तिसऱ्याला म्हणतो, "मागल्या स्थळानं फोटो बघूनच नगं म्हणून कळवलं." मग मला कळतं की हा ताठ का बसणार आहे. समोरासमोर बसून कॉफी पिताना हे तो जन्मात बोलला नसता. माणसं पाठमोरी असताना खरं बोलतात, हे पुण्याच्या पोराने सांगितलं नाही. त्याच्याकडे बहुधा सगळ्यांचे कोट मापाचे असावेत.

कोट पुढून ठीक बसला तरी मी कधीकधी एखादा चिमटा जास्तीचा लावतो.

आण्णांची गोष्ट वेगळी होती. त्यांच्याकडे यशिका-मॅट होता, दोन लेन्सचा, छातीशी धरायचा. त्यात बघायला मान खाली घालावी लागे. म्हणजे फोटो काढताना आण्णा प्रत्येक गिऱ्हाइकापुढे मान तुकवून उभे. कुळकायद्यात जमीन गेलेला असो की मिळालेला, दोघांनाही ते सारखंच वाकून दिसत. माणसाला आपल्यापुढे वाकलेल्याची भीती वाटत नाही. माझा कॅमेरा डोळ्याला लावायचा. एक डोळा मिटून मी नेम धरतो आणि माझ्या जागी समोरच्याला एक काळं भोक दिसतं. त्याच्याकडे बघून हसा म्हणणं हा सरळसरळ अन्याय आहे. म्हणून हल्ली मी कॅमेरा तिपाईवर ठेवतो, रिमोट हातात घेतो आणि बाजूला उभा राहून गप्पा मारतो. नवं तंत्र म्हणून लोक कौतुक करतात. मी फक्त आण्णांइतका दिसायला लागलोय.

एकशेवीसच्या रोलवर फोटो बसत बारा. एकेक फ्रेम आण्णांना पोटच्या पोराइतकी प्यारी. मग ते काय करत, तर रोल पुढे न सरकवता, शटर न ओढता, नुसताच फ्लॅश उडवत. "छान! आता अजून एक!" पुन्हा नुसता उजेड. गिऱ्हाइकाला वाटे, झालं, निघाला फोटो. सुटकेचा श्वास टाकून ते खांदे पाडे, बायकोकडे बघून ओशाळं हसे, आणि तेवढ्यात आण्णा खरा फोटो काढून मोकळे. अशा न काढलेल्या फोटोंबद्दल कुणाकुणाचे आशीर्वाद मिळालेत. "तो पयला लई झ्याक आला आसंल," असं म्हणून ते मागणारेही भेटत. "तो खराब झाला," आण्णा गंभीरपणे सांगत.

बायकांच्या बाबतीत मात्र आण्णांचं काही चालत नसे, आणि ते चालवायला जातही नसत. हनुवटी किती खाली घ्यायची हे ते स्वतःच्या हनुवटीवर करून दाखवत, बोट लावत नसत. तरीही डोक्यावरून पदर घेतलेली नवी सून, बाजूला उभी सासू आणि समोर परका पुरुष, ह्यातून फोटो निघायचा कसा? आण्णा आतल्या दाराकडे तोंड करून हाक मारत, "अहो, पदर बघता का जरा!" पिठाचे हात पुसत आई बाहेर येई. पदर तीन मिनिटांत बसण्यासारखा असे; आई दहा मिनिटं लावी. माहेर कुठलं, धाकटी का थोरली, मायणीचे म्हणजे अमक्यांच्या शेजारचे का, अगंबाई, मग तुझी मावशी आमच्या ओगलेवाडीच्या वन्संची जाऊ! नातं लागलं की चेहरा सुटायचा. सुटला की आई दोन पावलं मागे सरे, आणि आण्णा मान खाली घालत.

लाला दीनदयाळांनी १८९२ साली निजामाच्या हैदराबादेत खास स्त्रियांसाठी झनाना स्टुडिओ काढला. पडदा पाळणाऱ्या बेगमांना यायला संकोच नको, म्हणून आत सगळा कारभार बायकांकडे आणि फोटो काढायला इंग्रज बाई. इतिहासात त्याची नोंद आहे. आमच्या झनाना विभागाला पगार नव्हता आणि भाकरी करपली की बोलणीही तिनेच खायची.

खरा वैरी कॅमेरा नव्हेच. खरा वैरी म्हणजे बरोबर आलेली माणसं. पोरगी स्टुलावर बसते, मी उजेड जुळवतो, तिच्या डोळ्यांत छोटासा पांढरा ठिपका चमकतो, चेहरा उमलायच्या बेतात असतो, आणि पडद्यामागून आत्या ओरडते, "अगं, हस की जरा!" संपलं. हुकमाने हसणारा चेहरा तुम्ही सगळ्यांनी पाहिलेला आहे. तुमच्या स्वतःच्या लग्नाच्या अल्बममध्ये तो स्टेजवर शेवटच्या तासात सापडेल. ड्यूशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरने ह्यावर संशोधनच केलं होतं. माणसांच्या चेहऱ्याला विजेचे झटके देऊन तो त्यांचे फोटो काढवून घेई, आणि १८६२ साली त्याने पुस्तकात लिहून ठेवलं, की ओठांचा स्नायू सांगेल तसा वागतो, डोळ्यांभोवतीचा मात्र मनापासून आनंद झाल्याशिवाय हलत नाही. आमच्याकडे विजेचाच भरवसा नसल्यामुळे मी आत्याला चहा सांगायला पाठवतो. चहाची टपरी जवळ आहे. मी लांबची सांगतो.

आत्या गेल्यावर काय बोलायचं, ह्यात सगळी विद्या आहे. सुरुवातीला मी शेतकऱ्यांना उसाबद्दल विचारायचो. आपुलकीचा विषय, चेहरा खुलेल अशी कल्पना. "काय, तोड आली का?" एवढं विचारायचा अवकाश, समोरचा माणूस लेन्स विसरतो, कोट विसरतो, स्टुलावरून अर्धा उठतो, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे काही येतं ते अस्सल असतं ह्यात शंका नाही. "बिल जमा झालं का?" विचारलं तर विचारूच नका. ३० डिसेंबर १९४१ रोजी ओटावात यूसुफ कार्श ह्या फोटोग्राफरने चर्चिलच्या तोंडातला सिगार चटकन काढून घेतला आणि चिडलेल्या चर्चिलचा फोटो घेतला; जगभर गाजला तो. ऊसबिलाचा विषय काढून मी घेतलेले निदान अर्धा डझन फोटो त्याच्या पंगतीला बसतील. फक्त ते मुलीकडच्यांना पाठवता येत नाहीत. चर्चिलला कुठे स्थळ बघायचं होतं!

त्याच बैठकीत कार्शने दुसराही फोटो घेतला होता, चर्चिल हसतानाचा. तो कुणाला फारसा आठवत नाही. माझ्याकडे मात्र चर्चिल आला असता तर हसराच नेला असता, आणि वर बायको म्हणाली असती, "सिगार तेवढा पुसून टाका ओ, घरच्यांना माहीत नाही."

कार्शचा प्रयोग मी करून बघितलेला नाही. आमच्याकडे तोंडात सिगार नसतो, तंबाखूचा बार असतो. तो काढून घ्यायला कुणी बोट घालत नाही. "थुंकून या," एवढंच म्हणता येतं, आणि थुंकायला गेलेला माणूस स्टँडावर ओळखीचा भेटला म्हणून अर्ध्या तासाने येतो.

रिचर्ड ॲव्हेडनने ह्याच्याही पुढची मजल मारली. १९५७ साली विंडसरचे ड्यूक आणि डचेस त्याच्यापुढे बसले, सवयीचं राजघराण्याचं हसू चेहऱ्यावर. दोघं कुत्र्यांवर जीव टाकणारी. ॲव्हेडनने सांगितलं, येताना माझ्या टॅक्सीखाली एक कुत्रं आलं आणि मेलं. दोघांचे चेहरे पडले, ह्याने फोटो घेतला. कुत्रं वगैरे काही नव्हतं. आता हीच थाप मी मारली तर गिऱ्हाईक पहिल्यांदा विचारेल, "गाडीला काय झालं न्हाई न्हवं?" दुसरं म्हणजे, ॲव्हेडन न्यूयॉर्कचा, त्याला ड्यूक पुन्हा बाजारात भेटणार नव्हता. मला गिऱ्हाईक रविवारी मटणाच्या दुकानात भेटतं.

आता माझे विषय ठरलेले आहेत. शेतकऱ्याला बैलाबद्दल विचारावं. ट्रॅक्टर घेतलेला असला तर गेलेल्या बैलाबद्दल. मास्तरांना, तुमचा कुठला विद्यार्थी कलेक्टर झाला, असं विचारावं. झालेला नसला तरी फौजदार झालेला एक असतोच. आजीला नातवाबद्दल, आणि नवऱ्या मुलाला मात्र काहीच विचारू नये. त्याला आधीच सगळे विचारताहेत. त्याच्याशी मी चिमट्यांवरच भागवतो.

एवढं करून फोटो सुरेख येतो. उजेड नेमका, डोळे जिवंत, ओठ सैल. मी खुशीत तो कॉम्प्युटरच्या पडद्यावर दाखवतो. गिऱ्हाईक वाकून बघतं आणि म्हणतं, "ह्यो मी न्हवंच."

बायको म्हणते, "अगदी तुम्हीच की ओ."

हे भांडण माझ्या दुकानात रोज होतं आणि दोघंही खरं बोलत असतात. माणूस स्वतःला आयुष्यभर आरशात बघतो, म्हणजे डाव्याचं उजवं झालेलं. त्याचा भांग त्याच्या मते एका बाजूला, जगाच्या मते दुसऱ्या. वाकडं नाक, एक भुवई वर, गालावरचा तीळ, सगळ्याची त्याला उलटी सवय. कॅमेरा त्याला जगाला दिसतो तसा दाखवतो, आणि चेहऱ्यात काहीतरी चुकलंय असं त्याला वाटत राहतं. १९७७ साली अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी ह्यावर प्रयोग केला. माणसांना स्वतःचा उलटा, आरशासारखा फोटो जास्त पसंत पडला; त्यांच्या जवळच्या लोकांना सुलटा. अमेरिकेला कळायच्या आधी कराडात आण्णांना हे यशिकाने शिकवलं होतं, कारण त्या कॅमेऱ्यात वरून बघताना माणूस उलटाच दिसतो. आण्णांना दिसे ते आणि गिऱ्हाइकाला आरशात दिसे ते एकच. छापून आल्यावर दोघंही मिळून नाराज.

मग आण्णा डार्करूममध्ये जात आणि निगेटिव्ह पालथी घालून पुन्हा प्रिंट काढत. "हा बघा, दुरुस्त केला." माणूस एकदम खूश! हा मी, असा पायजे! शर्टाचा खिसा उजवीकडे गेलेला असे आणि बटणं बायकांच्या पद्धतीने लागलेली असत, पण स्वतःच्या चेहऱ्यापुढे खिशाकडे कोण बघतो? बायकांच्या फोटोंना ही युक्ती चालत नसे. पदर उजव्या खांद्यावर आला की कराडची सून गुजराती दिसे, आणि नथ दुसऱ्या नाकपुडीत गेलेली सासूच्या नजरेतून सुटणं अशक्य. आता हे कॉम्प्युटरवर एका क्लिकचं काम आहे. बुशशर्टावर छापलेली अक्षरं तेवढी बघून घ्यावी लागतात.

सांगायचं काय, तर गिऱ्हाइकाचा माझ्यावर अविश्वास नसतोच. त्याचा स्वतःच्या तोंडावर विश्वास नसतो. मी मधल्यामध्ये असतो. पूर्वी सिनेमासिकातलं कात्रण घेऊन मुली यायच्या, गौतम राजाध्यक्षांनी काढलेला माधुरीचा फोटो, "अस्सा काढा." राजाध्यक्षांचा उजेड मीही डोळे ताणून अभ्यासलाय. १९९७ साली त्यांचं 'फेसेस' आलं, तेव्हा पुण्याच्या दुकानात ते उभ्या उभ्या चाळलं. विकत घेण्यासारखी किंमत नव्हती. तसा उजेड मी थोडाफार पाडूही शकतो. पण मुलीला उजेड नको होता. आता कात्रणाच्या जागी मोबाइल आलाय आणि त्यात तिचाच फोटो असतो: रंग दोन छटा उजळ, हनुवटी निमुळती, डोळे हरणाचे. "असा काढा." अहो, ही कोण? "मीच." स्वतःच्याच फोटोशी स्पर्धा लावून बसलेल्या माणसाला कुठला फोटोग्राफर जिंकून देणार? हातभर अंतरावरून सेल्फी काढली की नाक मोठं होतं आणि कान मागे पळतात, मी लांबून मोठ्या लेन्सने काढतो म्हणून नाक जागेवर राहतं, हे मी जीव तोडून समजावतो. ती ऐकून घेते आणि म्हणते, "पण ह्यात छान दिसतंय."

शेषनसाहेबांच्या आग्रहाने १९९३ साली मतदारांची फोटो ओळखपत्रं सुरू झाली, तेव्हापासून माणसाला स्वतःच्या वाईट फोटोबरोबर राहायची सवय लागली खरी. माझ्यासारख्याला त्याचा आधारच झाला. फार कुरकुर झाली की मी म्हणतो, तुमचं कार्ड काढा बघू, शेजारी ठेवून बघू. कुणी काढत नाही. मुकाट्याने पैसे काढतात.

जुन्या काळी तेवढी एक गोष्ट फोटोग्राफरच्या बाजूची होती. फोटो दिसायचाच नाही. "गुरुवारी या," आण्णा पावती फाडून म्हणत. गुरुवारपर्यंत माणसाचा धीर चेपे, उत्सुकता वाढे, पैसे भरलेले असत, आणि हाती येईल ते गोड मानून घ्यायची तयारी होई. आता फ्लॅश विझायच्या आत हात पुढे येतो, "दाखवा!" आणि प्रत्येक दाखवण्यागणिक चेहरा पुन्हा आवळतो. कॅमेऱ्यामागचा तो छोटा पडदा मी काळ्या चिकटपट्टीने झाकून टाकलाय. बिघडलाय म्हणून सांगतो.

विश्वासाचा दुसरा भाग फोटो निघाल्यावर सुरू होतो, त्याबद्दल लोक कमी बोलतात. लग्नाच्या मुलीचा फोटो कुणाच्या हाती पडेल, ही धास्ती तेव्हाही होती. मुलीचे वडील प्रिंटबरोबर निगेटिव्ह मागून घेत, आणि आण्णा न विचारता देत. दुसरा प्रश्न शोकेसचा. रस्त्याकडच्या काचेत चांगले फोटो लावायची पद्धत होती. आपला लागावा म्हणून मिशांना तूप लावून येणारी माणसं होती. एकदा आण्णांनी एका रुबाबदार गृहस्थांचा मोठा फोटो लावला, त्यांनीच हौसेने सांगितलं म्हणून. आठवड्याभरात तेच गृहस्थ तोंडाला टॉवेल गुंडाळून आले, "काढा आधी तो!" कोल्हापूरकडच्या कुणा सावकाराला ते बरेच दिवस सापडत नव्हते, आणि तो सावकार नेमका एसटीची वाट बघत आमच्या काचेसमोर उभा राहून भजी खाऊन गेला होता. तेव्हापासून आमच्या शोकेसमध्ये लहान मुलंच असतात. त्यांच्यावर कुणाचं येणं नसतं.

एका वर्गाला माझ्या कसल्याच युक्त्यांची गरज पडत नाही. वाढदिवसाच्या फ्लेक्ससाठी येणारे भावी नगरसेवक. पांढरेशुभ्र कपडे, गॉगल, हात जोडलेला एक, फोन कानाला लावलेला एक, समोरून चालत येतानाचा एक. स्वतःच्या चेहऱ्याबद्दल तिळमात्र शंका नाही. फोटो निघायला पाच मिनिटं लागतात. पैसे निघायला पुढची निवडणूक.

आणि तात्या. वाठारकडचे, जुने पैलवान, कान अजून मोडलेले. पहिल्यांदा आले तेव्हा आल्या आल्या म्हणाले, "हार घालायचा फोटू काढायचाय."

मला वाटलं सत्काराचा आहे. "कुणी घालायचा हार?"

"पोरं घालत्याल की. मी गेल्याव."

कारणही सांगितलं. थोरले भाऊ वारले, तेव्हा घरात त्यांचा एकट्याचा फोटोच निघाला नाही. मग कुठल्याशा लग्नाच्या ग्रुपमधून कापून मोठा केला. त्यात भावाच्या खांद्यावर कुणाचा तरी हात राहिला. तेराव्याला आलेली सगळी भावकी, हात कुणाचा, ह्यावर बोलत बसली. मनगटावर घड्याळ होतं, त्यावरून दोन तट पडले. "आमच्या आबाकडं कुणाचं ध्यानच न्हाई," तात्या म्हणाले. "आपलं तसं नगं."

कोट नको म्हणाले. कंगवा नको, फेटाच होता. स्टुलावर बसले ते ओट्यावर बसल्यासारखे. मी सवयीने बैलाचा विषय काढला, तर म्हणाले, "तुमी तुमचं काम करा." मी म्हटलं, हनुवटी थोडी खाली. "ऱ्हाऊ दे हाय तशी." एकच फ्रेम घेतली. मी काढलेल्या फोटोंत तो सगळ्यात चांगला आहे, हे मी कुठल्याही कार्यशाळेत सांगेन. पडद्यावर दाखवायला गेलो तर त्यांनी हात हलवला. "मला कशापायी? मला कुठं बघायचाय! बघायचाय ह्यांनी."

फ्रेम करून नेला. घरी धोतरात गुंडाळून ट्रंकेत ठेवला, सुनेला जागा दाखवून ठेवली.

काही वर्षांनी तात्या फ्रेम काखेत मारून हजर. तब्येत ठणठणीत. "ह्यो जुना झाला. तवा दात हुतं. आता लोक म्हंत्याल, दुसऱ्याचाच लावलाय." पुन्हा स्टूल, पुन्हा एकच फ्रेम. चौकट तीच, आतला तेवढा बदलला. त्यानंतर मोतीबिंदू झाला, चष्मा आला, म्हणून पुन्हा. गेल्या दिवाळीत चष्म्याची काडी बदलली म्हणून आले, आणि ह्या खेपेला काकूंनाही बरोबर आणलं. "हिचाबी काढा. एका भाड्यात दोगांचं हुईल."

काकू बसल्या. पदर मीच सांगून सारखा करवून घेतला, गप्पा मारल्या, नातवाचं नाव विचारलं, चेहरा छान सुटला, आणि मागून तात्यांचा पहाडी आवाज आला, "हस की जरा!"

तात्यांना लांबच्या टपरीवर पाठवता येण्यासारखं नव्हतं. काकू मात्र हसल्या नाहीत. वळून त्यांनी तात्यांकडे जे बघितलं, ते मी घेतलं. कार्शने बघायला हवं होतं.

पैसे देताना तात्यांनी कागद बोटांत चोळून बघितला. "टिकतो का ह्यो?"

"शंभर वर्षं, असं कंपनी म्हणते."

"एवढा कशाला?" तात्या म्हणाले. "दोन-तीन वरसात परत बदलायचाच हाय. ह्यातला हलका दावा."